टेबलाची चौथी बाजू

बायको गेल्यावर भाऊंना घर खायला उठलं. नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, दिवसभर करणार काय? तिने शेवटी शेवटी एकच गोष्ट मागितली होती. "गुडघे दुखतात हो, जेवायला खाली बसवत नाही. एक टेबल घेऊ या का?" भाऊंचं उत्तर ठरलेलं असायचं, "बघू." ते बघणं राहूनच गेलं. आता तिची आठवण म्हणून टेबल आपल्याच हातांनी करायचं, असं त्यांनी मनावर घेतलं.

जन्मात कधी करवत धरली नव्हती आणि लाकूड आणलं शिसवाचं! वखारवाल्याने परोपरीने सांगितलं, "पहिल्या खेपेला मऊ लाकूड घ्या, साहेब." भाऊ कसले ऐकतात! रंधा अडकायचा, पटाशी निसटायची. "बाबा, टेबल होईपर्यंत बोटं शिल्लक ठेवा," मुलगा चिडवायचा.

मापाला मात्र भाऊ पक्के. त्यांनी एकेकाला खुर्चीवर बसवून कोपरांना किती जागा लागते, गुडघे कुठवर येतात ते मोजलं. स्वतःचं, मुलाचं, नातीचं. चौथी बाजू भिंतीला लागणार होती, म्हणून तिकडची आडवी फळी मजबुतीसाठी चांगली खालपर्यंत ठेवली. सांधे सरसाने पक्के केले. टेबल उभं राहिलं, आणि जराही डुगडुगलं नाही.

ते बघायला थोरली बहीण, आक्का, मुद्दाम आली. पानं वाढली होती. तिने लाकडावरून हात फिरवला.

"सुरेख झालंय रे! पण सूनबाईची जागा कुठली?"

"ती मागून बसते. आधी आम्हाला वाढते."

"असं कोणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? आपल्याकडे पहिल्यापासून तसंच आहे. हीसुद्धा..." भाऊ अडखळले.

"हो, तीसुद्धा सगळ्यांचं उरकल्यावर, उरलंसुरलं घेऊन, एकटी ओट्यापाशी खाली बसायची," आक्का म्हणाली. "तिच्या आठवणीचं टेबल ना हे? मग आज ती असती तर कुठे बसली असती, सांग बरं!"

भाऊंनी टेबल भिंतीपासून ओढलं आणि सुनेला खुर्ची दिली. ती बसली, तर गुडघे फळीवर आपटले.

"असू दे बाबा, चालेल मला. मी तिरकी बसते."

चालेल मला! त्यांची बायकोही जन्मभर हेच म्हणत आली होती. भाऊंचा बांध फुटला.

"आक्का, ती जेवताना कशी दिसायची तेच मला आठवत नाही गं! आठवेल कसं? मी कधी पाहिलंच नाही!"

त्यांनी सुनेला आपल्या जागी बसवलं आणि स्वतः तिच्या जागी बसले. फळी दुसऱ्या दिवशी कापता येणार होती. बायकोशेजारी बसून चार घास खाणं मात्र आता कधीच होणार नव्हतं.

वाचकहो, आपल्या घरातही कोणीतरी सगळ्यांच्या मागून जेवत असेल. तिची तक्रार नसते, म्हणून ते बरोबर ठरत नाही. तिला आजच हाक मारा आणि ती येऊन बसेपर्यंत घास तोंडात घालू नका.