शेवटच्या खोलीचे ठोके

भिंतीवरचे बटण नव्हे, मित्रांनो! दिवा लावायचा, पंखा थांबवायचा, तो स्विच वेगळा. हे सांगून सांगून माझा जन्म चालला आहे. मी नेटवर्कचा जुना स्विच आहे. एका लहानशा प्रसूतिगृहात, जिन्याखालच्या कपाटात माझा मुक्काम असतो. सगळ्या खोल्यांच्या तारा माझ्यापाशी येतात आणि कोणाचा निरोप कोणाकडे पोचवायचा ते मी पाहतो.

कारखान्यात मला तापवून, गार करून, हलवून पाहिले आणि शाबासकी देऊन खोक्यात बसवले. इथे आलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आपल्या रुमालाने मला पुसले. कौतुक तेवढ्यावरच आटोपले. पुढे माझ्या डोक्यावर ओली फडकी वाळत पडू लागली, का, तर मी कोमट असतो! पोटातल्या बाळांच्या हृदयाचे ठोके मी खाटेपासून सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यापर्यंत नेले. लोकांनी आभार मानले ते पडद्याचे.

यंत्रांचे सारे डॉक्टरीणबाईंचे धाकटे दीर बघत. सगळे प्रसूतिगृह त्यांना भावोजीच म्हणे. माणूस सोन्यासारखा, पण देवाने धीर वाटला तेव्हा हे बहुधा रांगेतून निघून गेले असावेत. एके दुपारी त्यांना माझ्या कंपनीचा इशारा आला. माझे फर्मवेअर, म्हणजे माझी आतली समज, जुनी झाली होती. तिच्यातल्या फटीतून चोर आत शिरू शकत होते. नवे फर्मवेअर चढवणे भाग होते.

“चुटकीसरशी करतो!” भावोजी बाह्या सावरत म्हणाले.

“थांबा हो,” सिस्टर म्हणाल्या. “शेवटच्या खोलीत पहिलटकरीण आहे. बाळाचे ठोके मधूनच मंदावतायत. पडदा बंद पडला तर मला इथे कळणार कसं?”

“आज ही, उद्या दुसरी. आपल्याकडे खाट रिकामी असते कधी? आणि चोर काय थांबणार आहेत?”

डॉक्टरीणबाईंनी तोड काढली. “मी खाटेपाशी बसून कानाने ऐकते. पण भावोजी, आधी सगळं जपून ठेवा. मागे माझे फोटो उडवलेत.”

“वहिनी, ते फोटो अजून किती वर्षं ऐकवणार?”

“परत मिळेपर्यंत!”

आता काय सांगू, मित्रांनो! त्यांनी आधी भलत्याच स्विचची फाइल माझ्या तोंडात कोंबली. मी नाकारली. “हट्टी मेला!” हे बक्षीस मला. मग माझी फाइल आणली, ती अर्धवट उतरलेली. तपासणीचा आकडा जुळेना, तीही मी परत केली. तेव्हा कुठे अख्खी फाइल मिळाली. नवे बिघडलेच तर परतता यावे म्हणून जुने फर्मवेअर मी बाजूला तसेच ठेवले. एवढे शहाणपण तरी कारखान्याने मला दिले आहे.

भावोजींनी माझ्या मांडणीची, म्हणजे कोणती खोली कुठे जोडली आहे त्या नोंदीची, प्रत आपल्या संगणकावर घेतली आणि खुशीत शीळ घातली. पण प्रत कशाची? जपून ठेवलेल्या मांडणीची. शेवटची खोली त्यांनी मागाहून जोडली होती आणि ‘सेव्ह’ करायचे राहिले होते. ती खोली माझ्या ओठांवर होती, अंतरात नव्हती. आणि पुन्हा सुरू होताना अंतरात असेल तेवढेच उरते! देवा, या माणसांना कोणी शिकवावे?

मी बंद झालो. माझे दिवे विझले. नवी समज आत लिहिली जात होती, आणि त्याला वेळ लागतो. तेवढ्यात भावोजींना घाम फुटला. “अडकलाय वाटतं! प्लग काढून लावतो.” त्या क्षणी वीज गेली असती, तर माझा दगड झाला असता.

सिस्टरांनी त्यांचे मनगट धरले. “कळा चालू असताना ओढाओढ करायची नसते. मागे व्हा!”

माझे दिवे लागले. समोरच्या टेबलावरच्या पडद्यावर एकेक खोली उमटू लागली.

“बघा! उगाच घाबरवता.”

“शेवटची खोली कुठाय, भावोजी?”

तो चौकोन कोराच होता. इतक्यात त्या खोलीच्या दारातून डॉक्टरीणबाईंची हाक आली. “सिस्टर, ठोके उतरतायत! लवकर या!”

सिस्टर धावल्या. दार लागले. भावोजी माझ्यासमोर एकटे उरले. त्यांनी ती खोली पुन्हा जोडली. चौकोन उजळला, पण त्यात सरळ रेघ होती. ठोका नाही. ते मटकन खाली बसले. ठोके टिपणारा पोटावरचा पट्टा आत केव्हाच काढला गेला होता, हे त्यांना कोण सांगणार? मला त्यांच्याशी बोलता आले असते तर मीच सांगितले असते.

मग दारापलीकडून रडणे ऐकू आले. भरघोस, संतापलेले, जिवंत. त्याला माझी एकही तार लागली नाही.

सिस्टर बाहेर आल्या. बसल्या जागी डोळे पुसणाऱ्या माणसाकडे त्यांनी पाहिले.

“मुलगी आहे. छान आहे. रडून झालं असेल, तर आता सेव्ह करा.”

मित्रांनो, मला नवे शिकवा, जरूर शिकवा. पण आधी माझ्याजवळचे जपा, मी लिहीत असताना माझा प्लग ओढू नका, आणि मी जागा झालो की एकेक खोली मोजून घ्या. आणि डोक्यावर फडके टाकायचेच असेल, तर खुशाल टाका. तेवढे त्या खाटेपाशी कोणालातरी बसवा.