पाण्यानं वाकवलेला उजेड

देवासच्या शाळेत विज्ञान शिकवताना मानसिंगरावांच्या तोंडाचा पट्टा चाले, आणि घरी बायकोपुढे बसले की मिठाची गुळणी! त्या मुक्या घराला कंटाळून सुमंगला दिवाळीला धारला माहेरी आली, ती परत गेलीच नाही. शेवटी मानसिंगराव तिला न्यायला आले. पण संस्थान विलीन झालं तरी या घरातला गोषा काही विलीन झाला नव्हता. वडीलधाऱ्यांसमोर जावयानं बायकोशी बोलायचं नाही, आणि तिनं चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या, पडद्याआड बसायचं.

मग हा बाबा 'परत चल' म्हणणार कसा? त्यांनी प्रयोग आणला होता. पाणी भरायच्या डब्याला एका बाजूला काच, समोरच्या बाजूला भोक. काचेमागे बॅटरी लावली की भोकातून पडणाऱ्या धारेबरोबर उजेडही वाकतो, तिला सोडून कुठं जात नाही. हे बघितलं की सुमंगलेला आपलं मन कळेल, असं त्यांना वाटत होतं. भाबडा जीव!

धार बाजूनं उजळायला पाण्यात चार थेंब दूध हवं होतं. सासूबाई सगुणाबाई कडाडल्या, "दिवेलागणीला दूध सांडायचं? लक्ष्मी यायच्या वेळी? नाही बाई!" वर जावयाचा मान म्हणून पाणी दुहेरी फडक्यानं गाळून दिलं.

दारं लावून अंधार केला, धार सोडली. उजेड सगळा आतच राहिला. बाजूनं काही म्हणता काही दिसेना.

"किधर है उजेड, जावईबापू?" सासरे यशवंतराव हसले.

"आत आहे. धार पडते तिथं हात धरावा लागेल," मानसिंगराव म्हणाले. बोलताना डोळे चिकाकडे गेले.

चिक हलला. सगळ्यांदेखत सुमंगला बाहेर आली आणि तिनं धारेखाली तळहात धरला. हातात लख्ख ठिपका थरथरू लागला. सासऱ्यांचं हसू थांबलं. अहो, पोरीनं रीत मोडली होती! आता एक शब्द पुरला असता.

मानसिंगरावांना रडूच येत होतं. आणि ते वळले सासऱ्यांकडे. "त्याचं असं आहे, किरण पाण्याच्या कडेवर आदळतो, कड त्याला आत परतवते..."

ते सांगतच राहिले. डब्यातलं पाणी उतरलं, धार तुटली, तळहात अंधारला.

"एवढंच सांगायला आलात?" सुमंगलेनं थेट त्यांनाच विचारलं.

"एवढंच," त्यांच्या तोंडून गेलं.

तिनं ओला हात पदराला पुसला आणि आत गेली. सकाळी देवासच्या मोटारीत ते एकटेच चढले.