गळा पंधरा

टेपच्या टोकाची पितळी पट्टी तिच्या मुठीत घामेजली होती... दुकानातून निघताना गळ्यातली टेप तशीच राहिली, ती इथं, कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर ध्यानात आली. समोर दिराचा वकील तिचीच मापांची वही चाळत होता.

"दिरानं फसवून घर लिहून घेतलं म्हणता. कळलं कधी?"

"सहा महिन्यांनी."

"आणि तक्रार नऊ वर्षांनी! मधे काय, काजंबटणं करत बसलात?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

नवरा नाकात नळी घालून पडलेला आणि दीर म्हणाला होता, "वहिनी, ऑपरेशनचे कागद, करा सह्या"... बोट ठेवील तिथं तिनं केल्या. पुढे कळल्यावर जाब विचारायला गेली, तर त्यानं तिचं मनगट धरून तापल्या इस्त्रीवर दाबलं — शांतपणे, चुणी मोडावी तसं. "बोललात तर पुढच्या वेळी तोंड." कातडी चरचरली तो वास अजून नाकात होता. त्याच दिवशी पोलिसांना दाखवला असता तर तो हात पुरावा होता. आता? "ताई, तो डाग दाखवू नका," सरकारी वकीलबाईच म्हणाल्या होत्या, "इस्त्रीचा चटका कुठल्या शिंपिणीला नसतो?"

"दरवर्षी एक शर्ट!" वकील वाचू लागला. "छाती अडतीस, गळा पंधरा. छाती चाळीस, गळा पंधरा. छाती चव्वेचाळीस, गळा पंधरा... फसवणाऱ्याला कुणी इतक्या मायेनं शिवून देतं?"

बिचाऱ्याला कायदा कळत होता, शिवण नाही. दरवर्षी दीर मान वर करून उभा राही, टेपखाली शीर थडथडे, शेजारी मोठी कात्री उघडी... आणि ती टेप ओढायची, त्याचा श्वास अडकेपर्यंत, पंधरावर आणून सोडायची. "दाटतंय हो, वहिनी." "धुतलं की सैलावेल, भावजी." नऊ वर्षं ती त्याला मारत आली होती, टिपेटिपेनं, तक्रारीला सवड कुठं होती?

"बाई, नऊ वर्षं गप्प का राहिलात?" वकिलानं वही मिटली.

"भीती वाटत होती." हे घोकलेलं होतं.

"कुणाची?"

पलीकडे दिरानं कॉलरमध्ये बोट घालून मान सोडवली. 'भावजींची' — एवढंच म्हणायचं होतं, घर त्या एका शब्दावर होतं... पण ती आपल्या हातांकडे बघत राहिली. टेप दोन्ही मुठींना वेढलेली, मधे ताठ ताणलेली, आणि मधलं अंतर तिला न मोजताही ठाऊक होतं.