सत्यशीलाचं अर्धं वाक्य

मी माईक बोलतोय, गेवराईच्या अशफाकभाईंच्या साऊंड सर्व्हिसमधला. मला बघितलं की लोक आधी फुंकर मारतात, मग टिचकी मारतात, मग ‘हॅलो हॅलो’ करतात. अहो, मी पहिल्यापासून चालूच असतो!

लग्नं, बारशी, प्रचाराच्या सभा, सगळं माझ्यातूनच गेलं. एकाच साहेबांच्या तोंडून दोन पक्षांची स्तुती ऐकली, तीही एकाच वर्षात. म्हणून मला लई उत्सुकता होती, लिहिणारी माणसं तरी काय बोलत असतील?

मग साहित्य मेळाव्याची सुपारी आली. परिसंवाद होता ‘बदलतं राजकारण आणि लेखक’. समीक्षक राधाकिशन सर ठणकावून म्हणाले, “लेखकानं सत्तेसाठी खुर्चीवरून उठू नये!” टाळ्या पडल्या. मी तर खूशच झालो.

शेवटी सत्यशीला आली. गोदाकाठच्या गावातली, नुकतंच पहिलं पुस्तक आलेली. सकाळपासून तिचा नंबर मागंच ढकलला जात होता. ती बोलू लागली, “आमच्या नदीतली वाळू कोण नेतं ते सगळ्यांना ठाऊक हाय, पण लिहायचं...”

तेवढ्यात मेळाव्याचे पाहुणे म्हणून येणाऱ्या त्याच दोन पक्षवाल्या साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला. सभांची सवय! हॉर्न ऐकला की अशफाकभाईंचा हात आपोआप माझा आवाज पाडतो आणि स्वागताचं गाणं लावतो. गाणं दणक्यात लागलं, पण साहेबांच्या जुन्या पक्षाचं! अख्खा मंडप खो खो हसला.

“बंद कर बे!” साहेबांचा कार्यकर्ता सोमनाथ ओरडला. गाणं थांबलं. राधाकिशन सर हार घेऊन केव्हाच उभे होते.

“अशफाकभाई, माईक चालू करा,” सत्यशीला म्हणाली. “माझं वाक्य अर्धं राहिलंय.”

सोमनाथनं डोळे वटारले. सगळ्या सभांची कामं त्याच्याच हातात. अशफाकभाईंनी त्याच्याकडं बघितलं, कपाळ पुसलं आणि माझा आवाज वर केला.

“...पण लिहायचं कुणी, असं सगळे विचारतात. मी लिहिलंय. ऐका.”

साहेब आल्या पावली परतले. राधाकिशन सर हार मांडीवर घेऊन, मान खाली घालून बसले.

तेव्हापासून आम्हाला सभा नाहीत. मी दुकानात पेटीत पडून असतो. अशफाकभाईंची बायको गौसियाभाभी अजून भांडतात, “कायकू आवाज बढाया जी?” अशफाकभाई म्हणतात, “बाई का बोलना आधा रह गया था.”

मलाही करमत नाही. पण तिचं पुढचं ऐकायला मिळालं, याचा आनंद मोठा आहे.

तर लिहिणाऱ्यांनो, कधीतरी पेटी उघडा. फुंकर मारू नका, टिचकी मारू नका. मी चालूच आहे. तुमी बोला.