सगुणा लहू तांडेल, अपक्ष

"आणखी एक वेणी माळा, मावशी. ही फारच बारीक दिसते," देवव्रत म्हणाला आणि अबोलीची दुसरी वेणी त्याने स्वतःच पिशवीतून काढून दिली.

फोटोवाल्याच्या स्टुलावर सगुणा अवघडून बसली होती. अंगावरचं हिरवं लुगडं नवंकोरं, त्यानेच आणलेलं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"फारमावरच्या फोटूला एवढा नटायचा कशाला, साहेब? माझा काय लगीन हाय?"

"मतदानाच्या यंत्रावर तुमचा चेहरा येणार. लोकांना कोळीण दिसली पाहिजे."

फोटो मिनिटभरात छापून आला. सगुणाने तो हातात घेतला, चष्म्याशिवाय लांब धरून बघितला आणि म्हणाली, "ही तं थोरली दिसते."

"चुलत जावा ना तुम्ही? दिसणारच."

"जावा म्हंजे भैनी न्हवं, साहेब. दोन घरांतनं आयलेल्या बायका." देवव्रत फोटोवाल्याकडून पावती घेण्यात गुंतला होता.

टाकबंदर कोळीवाड्यात सगुणा तांडेल दोन होत्या. एक दत्तारामची, दुसरी लहूची. दत्ताराम आणि लहू चुलत भाऊ, लग्नं पाच वर्षांच्या अंतराने झाली आणि योगायोगाने दोन्ही घरांत सगुणाच आली. दत्तारामची ती थोरली, लहूची ती धाकली. अंधेरीच्या मासळी बाजारात दोघींचे ओटे शेजारी-शेजारी होते. सव्वीस वर्षं एकमेकींचा बर्फ वापरला, एकमेकींची गिऱ्हाइकं सांभाळली. पण लोक बोलायचे ते थोरलीबद्दल. बाजार पाडायला पालिकेची माणसं आली तेव्हा बुलडोझरच्या पुढ्यात पाटी टाकून बसली ती थोरली. टीव्हीवर दिसली ती थोरली. सगुणाही तिच्या मागेच बसली होती, पण कॅमेऱ्यात तिचं कोपर तेवढं आलं.

या मतदारसंघात आजवर दहा निवडणुका झाल्या होत्या. पहिला आमदार गोरेगावचा वकील, मग आरेतला एक तबेलेवाला, मग दोनदा एक बिल्डर, मग त्याचाच मेहुणा. कुणी या पक्षाचा, कुणी त्या. होळीला सगळे कोळीवाड्यात यायचे, डोक्यावर लाल टोपी घालून नाचायचे आणि पुढच्या होळीपर्यंत दिसायचे नाहीत. त्यात मध्ये मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या आणि म्हसोबाच्या देवळापासून खाडीपर्यंतच्या रस्त्याने कोळीवाड्याचे दोन तुकडे झाले. रस्त्याच्या या बाजूचा आमदार वेगळा, त्या बाजूचा वेगळा. जेटीचं गाऱ्हाणं घेऊन गेलं की हा म्हणायचा त्याच्याकडे जा, तो म्हणायचा ह्याच्याकडे जा. जेटी भरतीत बुडायची ती बुडायचीच.

म्हणून या वेळी थोरली उभी राहिली. तिकीट तिला कुणी दिलं नाही. दोन पक्षांच्या कार्यालयांत तिला तासन्‌तास बसवून चहा पाजला आणि परत पाठवलं. मग ती अपक्ष उभी राहिली. म्हसोबाच्या देवळापुढे बाकड्यावर चढून तिने पहिलं भाषण केलं.

"दहा वेला मतां दिली आपुन. दहा वेला आमदार झाला. एकाच्या तरी अंगाला म्हावऱ्याचा वास आयला काय?"

टाळ्या वाजल्या. वाजवणाऱ्यांत सगुणाही होती, पण तिचे हात लवकर थांबले.

त्याला कारण होतं. बाजार नव्याने बांधायचं ठरलं होतं आणि नव्या इमारतीत कुणाकुणाला ओटा मिळणार याची यादी सोसायटीतर्फे थोरलीने केली होती. सगुणाच्या ओट्याचा परवाना अजून तिच्या मेलेल्या सासूच्या नावावर होता. थोरलीने तिचं नाव घातलं नाही. "कागद आन, लिवते," एवढंच म्हणाली. सगुणाला वाटलं होतं, सव्वीस वर्षं शेजारी बसल्यावर कागद लागत नसेल. घरी येऊन ती लहूपुढे रडली. लहू म्हणाला, "तिचा बराबर हाय. एकीला सूट दिली तं समद्या मागतील." ते ऐकून तिला जास्तच झोंबलं.

हे सगळं तिने देवव्रतला सांगितलं होतं. देवव्रत पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. दर रविवारी तो पापलेट न्यायचा, घासाघीस न करता. आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात तो बसतो हे तिला ठाऊक होतं. त्याने ओट्यापुढे उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं, जीभ टाळूला लावून चकचक केलं आणि पुढच्या रविवारी उमेदवारीचा फॉर्म घेऊनच आला.

"परवाना मी करून देतो, मावशी. पण तुमचं वजन वाढायला हवं. उमेदवार झालात की तुमचा अर्ज कुणी बाजूला टाकणार नाही. निवडून यायचं नाहीच आहे. नुसतं नाव."

दहा सूचक त्यानेच आणले. अनामतही त्यानेच भरली. अंधेरीच्या निवडणूक कार्यालयात टेबलामागच्या बाईने "सगुणा लहू तांडेल" असं मोठ्याने वाचलं, तेव्हा सगुणाला पदर सावरावासा वाटला. तिचं पूर्ण नाव असं मोठ्याने शेवटचं कधी कुणी घेतलं होतं, ते तिला आठवेना.

छाननी झाली आणि यादी लागली. त्या संध्याकाळी थोरली घरी आली. बसली नाही. सगुणाची सून विनिता पाणी घेऊन आली, ते तिने घेतलं नाही.

"तू फारम भरलास?"

"भरला."

"आमदार व्हवाचा हाय तुला?"

"का? तुलाच नाव हाय काय? माझा पन नाव तोच हाय."

थोरलीच्या आवाजात राग नव्हता. "नाव तोच हाय गो, म्हनून तं तुला नेलाय. लहूची सगुना कोन, त्यांना ठाव पन नाय. त्यांना माझा नाव पायजे होता, तो तुझ्याकडं गावला."

लहू खाली मान घालून जाळ्याची गाठ सोडवत बसला होता, ती सोडवतच राहिला.

"उद्या तीनपावत नाव काढता येते," थोरली म्हणाली. "माझ्यासंगती चल, सही कर. मी काय बोलनार नाय, कोनला बोलू देनार नाय. देवाशपत."

"सकाली येते," सगुणा म्हणाली. आणि ती खरंच जाणार होती. थोरली गेल्यावर तिने विनिताकडून देवव्रतला फोन लावून घेतला. "साहेब, मना नको ता. उद्या नाव काढते मी."

देवव्रत अजिबात चिडला नाही. "काढू या की. तुम्ही बसने कशाला जाता? मीच गाडी आणतो."

गाडी सकाळी नऊला आली. लहूलाही त्याने आग्रहाने बसवलं. आत शहाळी होती, नारळ, खण, ओटीचं सगळं सामान होतं. गाडी अंधेरीकडे वळलीच नाही, सरळ पूर्वेला निघाली. लहूने विचारलं, "इकडं कुठं?"

"आधी एकवीरेचं दर्शन, दादा. कामाला जायचं तर आईला विचारून. तीनच्या आत आणून सोडतो."

वाशीच्या पुलावर चढताना सगुणाला कळलं. कार्ल्याला जाऊन, डोंगर चढून, उतरून तीनच्या आत कुणी परत येत नाही. पुलाच्या खाली खाडी होती, ओहोटी लागली होती. ती म्हणू शकली असती, गाडी थांबव. देवव्रत पुढच्या सीटवरून मागे न बघता म्हणाला, "तुमच्या परवान्याची फाइल काल वर गेली, मावशी. पुढच्या आठवड्यात सही." सगुणाने खिडकीची काच वर केली.

आईच्या पुढ्यात तिने ओटी ठेवली. काय मागायचं ते सुचलं नाही. पायऱ्या उतरताना लहूने घड्याळ बघितलं. पावणेदोन वाजले होते.

"आता काय पोचत नाय," तो म्हणाला.

"माझा पाय दुखते," सगुणा म्हणाली आणि पायरीवर बसली.

चिन्ह म्हणून थोरलीला शिडाची होडी मिळाली, सगुणाला जहाज. यंत्रावर थोरली अकरावी आणि सगुणा बारावी. थोरलीची माणसं इमारती-इमारतींतून जिने चढत सांगत होती, "अकरा नंबर, होडी." लोक माना डोलवायचे. "हो हो, त्या बाजारवाल्या ना? सगुणा तांडेल. माहितीये." सगुणाच्या प्रचाराला कुणी गेलं नाही. तिचं एक पत्रकसुद्धा छापलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी ती शाळेतल्या केंद्रावर रांगेत उभी राहिली. पुढच्या-मागच्या बायका एकमेकींशी बोलत होत्या, तिच्याशी नाही. आडोशाआड गेल्यावर यंत्रावर दोन कोळणी एकीखाली एक दिसल्या. दोन्ही हिरव्या, दोघींच्या डोक्यात वेण्या. तिलाच क्षणभर आपण कुठली ते बघावं लागलं. मग तिने अकरा नंबरचं बटण जोरात दाबलं, अंगठा पांढरा पडेपर्यंत. काचेमागे होडीची चिठ्ठी दिसली आणि खाली पडली. तिला वाटलं, फिटलं.

मोजणीच्या दिवशी विनिता मोबाइल घेऊन बसली होती. दुपारपर्यंत थोरली कधी पुढे, कधी मागे. बाहेर पोरींनी ढोल आणून ठेवला होता. चारच्या सुमाराला शेवटची फेरी झाली.

"सहाशे अकरा मतांनी पडली, आई," विनिता म्हणाली.

लहूने विचारलं, "आन हिला?"

विनिता सासूकडे बघेना. "एक हजार नऊशे चौतीस."

लहू उठला, चप्पल घातली आणि बाहेर गेला. बाहेरच्या ढोलावर कुणीतरी गोणपाट टाकलं.

दोन दिवसांनी केंद्रावार आकडे कळले. कोळीवाड्याच्या केंद्रांवर सगुणाला नऊ मतं होती. कोळीवाड्याला कुठली सगुणा कुठली ते नीट ठाऊक होतं. बाकीची सगळी मतं इमारतींतली, अनोळखी लोकांची.

तिला कुणी शिव्या दिल्या नाहीत, दारावर दगड पडला नाही. असं काही झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. फक्त शेजारच्या हळदीचं बोलावणं लहूच्या नावाने आलं, तिच्या नाही. देवव्रतचा फोन आधी व्यस्त लागायचा, मग लागेनासाच झाला. रविवारी तो बाजारात आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. ती त्याच्या कार्यालयात गेली तेव्हा बाहेरच्या माणसाने विचारलं, "कोण सगुणा तांडेल? त्या पडल्या त्या?"

"मी दुसरी," ती म्हणाली.

"दुसरी कोण?" त्याने विचारलं. ती परत आली.

थोरली निकालानंतर पंधराव्या दिवशी बाजारात आली. नेहमीच्या ओट्यावर बसली, बोंबील मांडले, पाणी मारलं. सगुणाकडे तिने बघितलं नाही आणि पाठही फिरवली नाही. बर्फवाला आला तेव्हा तिने आपला बर्फ घेतला. सगुणाने आपला वेगळा घेतला. असं पहिल्यांदाच झालं.

अकराच्या सुमाराला एक बाई आल्या. पद्मजाबाई, समोरच्या टॉवरमधल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. एरवी त्या पलीकडच्या रांगेत जायच्या. आज सगुणाच्या पुढ्यात थांबल्या, चष्मा वर केला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अहो, तुम्हीच ना त्या? हिरव्या लुगड्यातल्या? बारा नंबर, जहाज!"

सगुणाच्या हातात सुरमई होती, ती तशीच राहिली.

"आमच्या घरची तिन्ही मतं तुम्हाला हं. मी ह्यांना बजावून सांगितलं होतं, इतकी वर्षं या चोरांना देतोय, आता त्या बाजारवाल्या बाईंना द्यायचं. बुलडोझरपुढे बसलेल्या. नाव पाठ करून गेले होते मी. सगुणा तांडेल." त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. "थोडक्यात गेली हो. फार वाईट वाटलं. पुन्हा उभ्या राहा."

सगुणाने तोंड उघडलं. 'मी नव्हं, ही' एवढे तीनच शब्द होते. हात लांब केला असता तर थोरलीच्या खांद्याला लागला असता. पण ती हातातल्या सुरमईचं पोट अंगठ्याने दाबत राहिली.

"इकडं आन," थोरली म्हणाली.

तिने सुरमई सगुणाच्या हातातून काढून घेतली, आपल्या फळीवर आडवी टाकली आणि कोयता उचलला. कल्ले काढले, पोट फाडलं, एकसारखे तुकडे पाडले. पद्मजाबाई कौतुकाने बघत होत्या.

"तुम्हीही यांनाच दिलंत ना मत?" त्यांनी थोरलीला विचारलं.

थोरलीचा कोयता हवेत एवढासा थांबला.

"डोका ठेवू का टाकू?"

"अं? ठेवा, ठेवा. कालवणाला होईल."

थोरलीने डोकं दोन भाग करून पिशवीत घातलं, वर तुकडे घातले, गाठ मारली. पिशवी तिने पद्मजाबाईंच्या हातात दिली नाही. वाकून ती सगुणाच्या ओट्यावर ठेवली. गिऱ्हाईक सगुणाचं होतं. मग तिने तांब्यातल्या पाण्याने फळी धुतली, हात लुगड्याला पुसले आणि समोरच्या गर्दीकडे बघत हाक दिली, "या बाय, ताजं बोंबील, ताजं!"