दहाच्या जागी शंभर

बाबांना कमी ऐकू यायला लागल्यापासून दुपारचा रेडिओ घर डोक्यावर घ्यायचा. आई कपाळ दाबत आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. जन्मभर शेजारी बसून गाणी ऐकलेली ही दोन माणसं आता भिंतीच्या अल्याड-पल्याड बसतात, हे लेकीला बघवेना.

लेक प्रयोगशाळेत अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल मोजूनमापून कमी करणारी सर्किटं, डिझाइन करायची. तिने दोघांना दोन हेडफोन आणले. आईच्या वायरीत आवाज कमी करायचं साधं बटण बसवलं, तर ते फिरवलं की बाबांचाही आवाज वरखाली व्हायचा. माझ्या गाण्याला कोण हात लावतंय, म्हणून बाबा करवादले आणि आई पुन्हा आत गेली. मग लेकीने रीतसर गणित मांडलं. तीन रेझिस्टर असे जोडायचे, की आईकडे आवाज वीस डेसिबलने उतरावा, पण रेडिओला त्याचा पत्ताही लागू नये; त्याच्यावरचा भार होता तेवढाच राहावा, म्हणजे बाबांचा आवाज हलणार नाही. सूत्र तिला तोंडपाठ होतं. तासाभरात रेझिस्टरांची डबी आईच्या वायरीत जोडून ती मोकळी झाली.

आणि जमलं की! आई रोज बाबांशेजारी हेडफोन लावून बसायला लागली. आवाज बरा आहे का विचारलं, की छान आहे म्हणायची. लेकीला आभाळ ठेंगणं झालं.

एका दुपारी आई चहा टाकायला उठली, तेव्हा लेकीने सहज तिचा हेडफोन कानाला लावला. आत डास गुणगुणावा एवढाही आवाज नव्हता. तिने कपाळावर हात मारला. वीस डेसिबल म्हणजे शक्ती शंभरपट कमी, पण व्होल्टेज दहापटच. सूत्रात दहा घालायचे तिथे तिने शंभर घातले होते. याच चुकीवरून ती नवशिक्यांना झापायची.

स्वयंपाकघरात जाऊन तिने आईला विचारलं, इतके दिवस बोलली का नाहीस.

"तू एवढं खपून केलंस," आई म्हणाली. "आणि मला शेजारी बसायला मिळत होतं. गाणं कुठलं चाललंय ते कळायचंच गं. हेडफोन लावल्यापासून हे गुणगुणतात. त्यांना वाटतं, कुणाला ऐकू जात नाही."

लेकीचे डोळे भरून आले. संध्याकाळी तिने रेझिस्टर बदलले.

दुसऱ्या दिवशी आईच्या दोन्ही कानांत गाणं स्वच्छ वाजलं. जरा वेळ ती मान डोलावत ऐकत राहिली. मग तिने एका कानावरचा हेडफोन हळूच मागे केला आणि बाबांकडे थोडी सरकून बसली.