तुळजाबाईंनी न विचारलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. दातांवर बसवायची, पारदर्शक, नखासारखी पातळ. दवाखान्यात मला रिटेनर म्हणतात. तारा काढल्या की सरळ झालेले दात गुपचूप जुन्या जागी सरकू पाहतात. त्यांना धरून ठेवणं हे माझं काम. दातांवर भरवसा ठेवायचा नाही, हीच माझी नोकरी, तेव्हा मी जरा संशयी वाटले तर नवल मानू नका.

पण मला घर मिळालं ते माझ्याही वरताण! तेलंगणातल्या जैनथजवळच्या एका गावात तुळजाबाई भाजीचा मळा करतात. त्यांच्या रेणुकाचे पुढचे दात ओठाबाहेर यायचे, म्हणून ती वर्गात तोंडच उघडत नसे. आदिलाबादचे चार जिल्हे झाले त्या दसऱ्यानंतर तुळजाबाई तिला शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाल्या.

"दात उपटा लागन का? तार तोंडात गंजन का? लेकीले जवारीची भाकर चावता येईन का? आन् जिल्हा त तुटून राह्यला. तुमी उद्या नव्या जिल्ह्यात, मंचिर्यालले निघून गेल्या त हे तार कोन काढन?"

डॉक्टरीणबाईंनी सगळ्याला शांतपणे उत्तर दिलं. दात काढायचे नाहीत, तार गंजत नाही, भाकर कालवणात भिजवून खायची, आणि त्या स्वतः कुठंही जाणार नाहीत. तुळजाबाईंनी तेच प्रश्न शेजारच्या औषधाच्या दुकानात पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

दोन वर्षांनी तारा निघाल्या. रेणुकाच्या दातांचा साचा घेऊन, त्यावर तापवलेलं प्लास्टिक दाबून मला घडवलं. मी तिच्या दातांवर बसले आणि ती आरशात बघून मोकळी हसली. तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा.

"जेवताना काढायची आणि रोज धुवायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कशी धुवायची, हे मात्र तुळजाबाईंनी विचारलं नाही. धुण्याघासण्यातलं त्यांना कोण काय शिकवणार?

त्यांच्या घरात उष्ट्याचा विटाळ फार. तोंडात गेलेली वस्तू घासल्याशिवाय मांडणीवर यायची नाही. आणि मी तर दिवसभर तोंडातच! एका सकाळी रेणुका आंघोळीला गेली होती. तुळजाबाईंनी मला सांडशीत धरलं आणि चुलीवरच्या उकळत्या पाण्यात सोडलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना मला शुद्ध करायचं होतं. मी आतल्या आत आक्रसले, वाकडी झाले. त्यांनी मला पुसून डबीत ठेवलं.

रेणुकाला मी बसेना.

"चावली असशीन. नाई त शाळेत मैतरणीले दाखवाले काढली असशीन."

"मले नाई मालूम, माय. काल त बरी बसत होती."

"खोटं काऊन बोलून राह्यली?"

रेणुका रडली, पण तुळजाबाईंनी ऐकून घेतलं नाही. मळ्यात तोडणीची घाई होती, दवाखाना लांबत गेला. इकडे दात हळूहळू सरकू लागले आणि पोरगी पुन्हा ओठ मिटून बसू लागली. मी डबीत पडून हे पाहत होते, आणि मला सगळं ठाऊक असून बोलता येत नव्हतं, याचा फार त्रास व्हायचा.

शेवटी तुळजाबाईंचा संशय डॉक्टरीणबाईंवर गेला. "तुमी मालच खराब देल्ला," त्या दवाखान्यात म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मला उलटसुलट पाहिलं. "ही गरम पाण्यात टाकली होती का?"

रेणुकानं आईकडे पाहिलं. तुळजाबाईंचा चेहरा उतरला.

"म्या उकळली," त्या हळूच म्हणाल्या. "उष्टी व्हती ना."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी नवा साचा घेतला. परतताना ऑटोत तुळजाबाई म्हणाल्या, "म्या तुह्यावर उगाच वहीम घेतला, पोरी." रेणुका "होऊ दे, माय" एवढंच म्हणाली.

आता मी घरी जुन्या डबीत पडून असते. रेणुकाकडे नवी पट्टी आहे, ती गार पाण्यानं धुतली जाते, आणि दात आपल्या जागी आहेत. मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला उकळू नका. आणि काही मोडलं, बिघडलं, तर लेकराला विचारण्याआधी आपल्या हाताला विचारा.

परवा मांजरानं लोणच्याची बरणी पाडली. तुळजाबाई आवाज ऐकून नुसत्या दारात आल्या, अजून काही बोलल्याही नव्हत्या, तर रेणुका घाईघाईनं म्हणाली, "म्या नाई केलं, माय."